हॅवलॉकचा कोणता बीच? आधी भरती-ओहोटीच्या वेळा काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत सहाजण अंदमानला निघालाय, त्यातल्या दोन रात्री हॅवलॉकला. राधानगर, एलिफंट, कालापत्थर आणि विजयनगर यांतला सगळ्यात चांगला बीच कोणता, आणि एजंट म्हणतोय तसं जादा पैसे मोजून विजयनगरला समुद्राला लागून असलेलं हॉटेल घ्यावं का? बरोबर ७२ वर्षांचे बाबा, गुडघ्यांनी बेजार झालेली आई, १३ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा. पोहता फक्त तुम्हाला येतं, तेही गावच्या विहिरीत शिकलेलं.

मी गेली सोळा वर्षं ठाण्याहून दहा-बारा जणांचे छोटे गट अंदमानला नेते. दर हंगामात हा प्रश्न येतो आणि मला त्याचं एका शब्दातलं उत्तर ठाऊक आहे: राधानगर. पण हे उत्तर तुम्हाला एजंटनेही दिलं असेल, आणि त्याचा उपयोग फारसा नाही. कारण बेटावर आलेला प्रत्येक माणूस राधानगरला जातोच. तुमचे खरे प्रश्न तीन आहेत. झोपायचं कुठे, पाण्यात उतरायचं कुठे, आणि ते कुठल्या वेळी. पहिल्या दोन गोष्टी एकाच किनाऱ्यावर व्हायला हव्यात असं आपण धरून चालतो, तिथेच हॅवलॉकला बहुतेकांचं गणित चुकतं.

आधी नावांचा घोळ संपवते, कारण तिकीट हातात पडलं की फोन येतात, "ताई, चुकीच्या बेटाचं बुकिंग झालंय." झालेलं नसतं. हॅवलॉकचं नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजय पुरम झालं. विमानतळ मात्र आपल्या सावरकरांच्याच नावाने आहे. तिथे बोलताना सगळे अजून हॅवलॉक-नीलच म्हणतात, मीही तेच लिहिते.

आता बेट डोळ्यांसमोर आणा. जेट्टी ईशान्येच्या टोकाला. तिथून एक रस्ता पूर्व किनाऱ्याने खाली उतरतो. वाटेत गोविंदनगरचा बाजार, तोच तीन नंबर; तिथे गावं आणि किनारे नंबरानेही ओळखतात. पुढे विजयनगर, म्हणजे पाच नंबर. रस्ता संपता संपता कालापत्थर. बाजारातून दुसरा एक रस्ता फुटतो, तो भातशेती आणि जंगल ओलांडत बेटाच्या पश्चिम बाजूला जातो आणि सात नंबरला, राधानगरला संपतो. जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटर. एलिफंट बीच वायव्येला आहे, तिथे गाडीरस्ता नाही. जेट्टीवरून बोटीने जायचं, नाहीतर राधानगरच्या रस्त्यात उतरून जंगलातून दोनेक किलोमीटर चालायचं. गावांची नावं राधा-गोविंद-श्याम-कृष्ण अशी आहेत, कारण ही वस्ती १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची. म्हणून बाजारात मोहरीतला मासा आणि भात अप्रतिम मिळतो. आई शाकाहारी असतील तर डाळ-भात-भाजीचीही अडचण नाही.

आता पाणी. पूर्वेचा किनारा उथळ आहे. वाळूची पट्टी अरुंद, आणि पुढे लांबवर मेलेल्या प्रवाळाचे सपाट, खरबरीत खडक. भरतीला या सगळ्यावर कमरेएवढं निळंशार पाणी असतं, आणि हॉटेलच्या वेबसाइटवरचा फोटो हमखास त्याच वेळी काढलेला असतो. ओहोटीला तेच पाणी शंभर-दोनशे पावलं मागे जातं. पश्चिमेला राधानगरला तळ वाळूचा आणि एकसारखा उतरता, त्यामुळे ओहोटी आली तरी फक्त पुळण रुंद होते, पाण्यात केव्हाही उतरता येतं. एकाच बेटाच्या दोन बाजू, पण ओहोटीत एक निकामी होते आणि दुसरीला काही फरक पडत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या गटात नाशिकचं एक नवविवाहित जोडपं होतं. त्यांनी हट्टाने समुद्राला लागून असलेली खोली घेतली होती, गटातल्या बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट भाड्याची. आम्ही दुपारी पोचलो. सामान टाकून दोघं टॉवेल खांद्यावर घेऊन धावत खाली गेली आणि पाच मिनिटांत परत आली. "ताई, समुद्र कुठे गेला?" मी जाऊन बघितलं. करड्या-तपकिरी दगडांचं माळरान पसरलं होतं, मध्ये मध्ये शेवाळाचे गालिचे, एक डुंगी, म्हणजे तिथली छोटी होडी, कुशीवर कलंडून पडलेली, आणि निळी रेघ पार लांब. खोली देणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं, अर्धंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी त्यांना उठवलं. पाणी बागेच्या शेवटच्या पायरीला लागलं होतं, आरशासारखं शांत. दोघं तिथेच पायरीवर बसून चहा प्यायली. खोली तीच, किनारा तोच, मधे फक्त एक रात्र गेली होती.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. तारखा ठरल्या की मी आधी पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढते, मगच कार्यक्रमाचा कागद करते. कोष्टक इंटरनेटवर सहज मिळतं. चोवीस तासांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, एवढं लक्षात ठेवलं की एका दिवसाच्या आकड्यावरून पुढचे दोन दिवस तुम्हीच मांडाल. आपल्या कोकणातल्या कोळ्यांचा हिशोब तुम्हाला माहीत असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. हा हिशोब मुंबई-अलिबागला चालतो, अंदमानात जसाच्या तसा लावू नका. समुद्र बदलला की वेळही बदलते. पण कॅलेंडरचा दुसरा उपयोग तिथेही होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे भरतीला पाणी खूप वर येणार आणि ओहोटीला खूप आत जाणार. तिकडे हा फरक दोन मीटरच्या आसपास असतो. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही आणि पूर्वेचा किनाराही दिवसभर बरा दिसतो. तुमच्या दोन रात्री कुठल्या तिथीला येतात ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून खालचं थोडं तुम्हालाच फिरवून घ्यावं लागेल.

हॉटेलचं मग काय करायचं? पूर्वेलाच राहा, तीन आणि पाच नंबरच्या मधे कुठेही. जेट्टी जवळ, बाजार जवळ, औषधाचं दुकान जवळ, आणि टॅक्सी हाकेवर. राधानगरच्या बाजूला मोजकीच आणि बरीच महाग हॉटेलं आहेत. तिथली शांतता खरी आहे, पण संध्याकाळी सातनंतर आजीला पोटदुखीची गोळी हवी झाली तर जंगलातून बाजारात यायचं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना मी ते करत नाही. समुद्राला लागून असलेल्या खोलीचे जादा पैसे पोहण्यासाठी देणार असाल तर देऊ नका. आईबाबा व्हरांड्यात बसून पाणी चढताना-उतरताना बघणार असतील, तर खुशाल द्या. त्यांच्यासाठी तोच सहलीचा सगळ्यात मोठा भाग होईल.

पण पैसे देण्याआधी हॉटेलला फोन करून दोन गोष्टी विचारा, एजंटला नाही, थेट हॉटेलला. खोलीला पायऱ्या किती? तिथली बरीच कॉटेजं लाकडी खांबांवर उचललेली असतात, दाराशी पाच-सहा उंच पायऱ्या आणि कठडा एकाच बाजूला. आणि खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत वाट कसली आहे? भुसभुशीत वाळूतून दिवसातून सहा खेपा म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांना शिक्षा. फरसबंदी वाट आणि जमिनीलगतची खोली मिळत असेल तर समुद्र शंभर पावलं लांब असला तरी तीच घ्या.

आता राधानगर. २००४ मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक टॅक्सीवाल्याला पाठ आहे. २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळालं. तुमच्यासारख्या कुटुंबाला पहिल्यापेक्षा दुसरी गोष्ट कामाची. ब्लू फ्लॅग म्हणजे स्वच्छ पाण्याची तपासणी, जीवरक्षक, कपडे बदलायच्या खोल्या, शॉवर, बरी स्वच्छतागृहं. गाडी थांबते तिथून वाळूपर्यंत चालणं थोडं आणि जवळपास सपाट. किनाऱ्याच्या मागे उंचच उंच झाडं आहेत, तिथले लोक त्यांना सी-महुआ म्हणतात, आणि त्यांच्या सावलीत बसायला जागा आहे. आईंना तिथे टेकवा. खुर्चीसारखं बसायला लागत असेल तर घडीचं छोटं स्टूल इथूनच न्या, माझ्या सामानात दोन कायम असतात.

पण वेळ कुठली? सगळे साडेतीनला जातात, सूर्यास्त बघतात, आणि अंधारात टॅक्सीच्या रांगेत अर्धा तास उभे राहतात. सूर्यास्त बघाच, तो चुकवावा असा नाही. फक्त घड्याळ लक्षात ठेवा. अंदमान कोलकात्याच्याही पूर्वेला आहे आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे जानेवारीत सूर्य सहाच्या आतबाहेर उगवतो आणि सव्वापाच-साडेपाचला मावळतोसुद्धा. मुंबईच्या सवयीने "पाचला निघू" म्हणालात तर परतीची गर्दीच बघायला मिळेल. सूर्य टेकला की जीवरक्षक शिट्ट्या मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात.

पोहायला, म्हणजे तुमच्या बाबतीत डुंबायला, मी सकाळी नेते. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, मागे जंगल, म्हणून सकाळी झाडांची लांब सावली वाळूवर पडलेली असते. सातला पोचलात तर नऊ-साडेनऊपर्यंत ऊन त्रास देत नाही, आणि दोन किलोमीटरच्या किनाऱ्यावर मोजून वीस माणसं. मुलगा वाळूत खड्डे खणेल, आई पाय बुडवून येईल, कुणाचा धक्का लागायचा नाही. टॅक्सी मात्र आदल्या रात्री ठरवून ठेवा, सकाळी त्या बाजूला गाडी मिळत नाही.

तुमच्या विहिरीतल्या पोहण्याबद्दल एक सांगू? राग मानू नका. मला गटात पोहता न येणाऱ्यांची काळजी वाटत नाही. ते गुडघ्यापर्यंत जातात आणि ओरडत परत येतात. काळजी वाटते ती विहिरीत आणि तलावात शिकलेल्यांची. विहिरीचं पाणी माणसाला ओढत नाही. राधानगरला हिवाळ्यात समुद्र पुष्कळ शांत असतो, तरी लाट परतताना पायाखालची वाळू नेते आणि मुलगा तुमच्या हातात असेल तर तोल दोघांचा जातो. गणपतीपुळ्याला काय होतं ते आपण दर वर्षी वाचतो. जीवरक्षकांनी आखून दिलेल्या हद्दीत राहा, मुलाला मांड्यांच्या वर पाणी नको, आणि कधी ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर आडवं पोहत बाहेर निघा.

राधानगरच्या उजव्या टोकाला नील्स कोव्ह नावाची एक सुंदर, तलावासारखी खाडी आहे. फोटोत ती राधानगरपेक्षाही देखणी दिसते, तुमची मुलगी तिथे जायचं म्हणणार. बघून या, पाण्यात उतरू नका. २०१० मध्ये तिथे स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यात बघत पोहताना, एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात सगळीकडे भेटत नाही, माझ्या सोळा वर्षांत मी ती हॅवलॉकला एकदाही पाहिलेली नाही. पण खाडीचं तोंड, ओढा समुद्राला मिळतो ती जागा, खारफुटी आणि तिन्हीसांजेची वेळ या चार गोष्टींपासून मी माझी माणसं लांब ठेवते. पाटी लावलेली असेल तिथे तर चर्चाच नाही.

एलिफंट बीचला लोक वाळूसाठी जात नाहीत, मासे बघायला जातात. प्रवाळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर आहे, म्हणून पोहता न येणाऱ्यालाही रबरी ट्यूबला धरून, गाइडने ओढत नेऊन, पाण्यात तोंड घालून बघता येतं. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. पाणी तापल्याने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. पोस्टरवरचे लाल-जांभळे रंग दिसतील असं समजून गेलात तर हिरमोड होईल. मासे भरपूर दिसतात: पोपटासारखी चोच असलेले पॅरटफिश, पट्ट्यापट्ट्यांचे छोटे थवे, नशीब असेल तर समुद्रफुलात लपलेला नारिंगी-पांढरा क्लाउनफिश. किनाऱ्यावर जे भलेमोठे उन्मळलेले ओंडके दिसतात, ते २००४ च्या त्सुनामीची खूण.

आईंना तिथे नेऊ नका. जेट्टीवर बोटीत चढायला हात मिळतो, पण उतरायचं असतं गुडघाभर पाण्यात, हलत्या बोटीच्या काठावरून. तिथे टेकायला धड जागा नाही, सावलीसाठी भांडावं लागतं, स्वच्छतागृहाचं न बोललेलं बरं. जंगलातली पायवाट तर पावसानंतर चिखलाची आणि मुळांची. एजंटच्या कागदावर "सहाजण, एलिफंट बीच" असं लिहिलेलं असेल तर ते चार करून घ्या. आईबाबांना ती सकाळ हॉटेलच्या व्हरांड्यात द्या, शक्यतो भरती सकाळी असेल त्या दिवशी. मी हे सुचवते तेव्हा मुलगे म्हणतात, "त्यांना एकटं कसं सोडायचं?" आणि मागे उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद दिसतो.

पहिल्या बोटीने जा. नंतर तिथे जेट-स्कीचा कलकलाट सुरू होतो आणि पायांनी उडालेल्या वाळूने पाणी गढूळ होतं. मास्कचं बघा. भाड्याने मिळतात ते मोठ्यांच्या मापाचे. सात वर्षांच्या चेहऱ्याला बसत नाहीत, नाकात पाणी जातं, मूल रडतं आणि संपतं. मुलाच्या मापाचा मास्क इथूनच घ्या आणि घरी बादलीत तोंड बुडवून तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घ्या. तुम्हाला मिशा असतील तर तुमचाही मास्क गळणार. वरच्या ओठावर व्हॅसलीनचा जाड थर दिला की बराच फरक पडतो. हे मला एका निवृत्त फौजदारांनी शिकवलं. त्यांच्या मिशा खरोखर फौजदारी होत्या.

मुलीला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं, करायचं असेल तर करू द्या. दहा वर्षांच्या वरच्या मुलांना प्रशिक्षकाबरोबर नेतात, पोहता यावं लागत नाही. आरोग्याच्या फॉर्मवर दमा किंवा कानाचा त्रास लपवू नका. आणि स्कूबानंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही हे ध्यानात ठेवून दिवस निवडा. कित्येक एजंट ही गोष्ट बोलतच नाहीत.

कालापत्थर दहा मिनिटांत सांगून संपतो. काळे खडक, पांढरी वाळू, कडेने जाणारा सुंदर रस्ता, शहाळी. सूर्योदयाला जा, फोटो काढा, शहाळं प्या, परत या. पोहायला नको, खडक आहेत. आईबाबांना मात्र तो आवडेल, कारण गाडीतून उतरून चार पावलांवर समुद्र. एक दिवस उजाडायला नाही जमलं तरी हळहळण्यासारखं काही नाही; पूर्वेच्या कुठल्याही हॉटेलातून सूर्योदय दिसतोच.

विजयनगरला, म्हणजे तुमच्या संभाव्य हॉटेलसमोर, ओहोटीतही एक मजा आहे, ती सात वर्षांच्या मुलासाठी खास. जाड तळाच्या सँडल घालून खडकांवरच्या डबक्यांत बघत फिरायचं. शंखात घर केलेले खेकडे, समुद्रकाकड्या, बोटाएवढे मासे. पाय जिवंत प्रवाळावर ठेवायचा नाही, काही उचलायचं नाही, पाणी परत चढायला लागलं की लगेच मागे फिरायचं. मी एकदा एका मुलाला अशा एका डबक्यापाशी पाऊण तास बसलेला पाहिलाय. त्याच्या वडिलांनी त्या दिवशी जेट-स्कीला बरेच पैसे घातले होते. त्याची आठवण आज विचारली तर तो खेकड्याचीच सांगेल.

या सगळ्यावरून तुमच्यासाठी मी कागद असा केला असता. पहिल्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीने पोचा, जेवून सगळ्यांना झोपू द्या, तीनच्या आत सहाहीजण राधानगरला. आईबाबांसाठी बसणं, मुलांसाठी वाळू, सगळ्यांसाठी सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने तुम्ही चौघं एलिफंटला, दुपारी परत, आणि चारनंतर भरती असेल तर हॉटेलसमोर डुंबणं, ओहोटी असेल तर डबक्यांची फेरी. तिसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा राधानगर, नीट डुंबायला, आणि नीलला किंवा पोर्ट ब्लेअरला जाणारी दुपारनंतरची फेरीबोट. एजंट सवयीने सकाळच्या फेरीबोटीचं तिकीट काढतो. ते बदलून घेण्यासाठी भांडा, कारण तुमचा सगळ्यात चांगला समुद्रस्नानाचा प्रसंग त्या सकाळी आहे. एलिफंटची बोट वाऱ्यामुळे बंद झाली, आणि हवामानाचा इशारा आला की ती होतेच, तर दुसरा आणि तिसरा दिवस अदलाबदल करायला जागा राहत नाही, हे खरं. तेव्हा हट्ट न करता पूर्वेच्या किनाऱ्यावरच भरतीत उतरा. पुढे नील असेल तर तिथे भरतपूरला काचेच्या तळाची बोट आहे. प्रवाळ आईंनाही कोरड्या कपड्यांत बघता येईल, आणि मुलांचं एलिफंट हुकलं तर त्यांचंही भागेल.

जानेवारीत वारा ईशान्येचा असतो, त्यामुळे बोट कधी कधी चांगलीच हलते. उलटीच्या गोळीबद्दल बाबांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा आणि ती बोटीत बसायच्या अर्धा तास आधी द्या; मळमळायला लागल्यावर देऊन उपयोग नसतो. संध्याकाळी ओल्या वाळूत बसाल तर बारीक वाळूमाश्या चावतात. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी पाय खाजून खाजून लाल. अंगाला खोबरेल तेलाचा जाड हात आणि बसायला चटई, एवढ्यावर माझं भागतं. खाजवू मात्र देऊ नका, चिघळतं.

आणि निघायच्या आदल्या रात्री मुलाच्या चड्डीचे खिसे उलटे करा. शंख, मेलेल्या प्रवाळाचे पांढरे तुकडे, सगळं किनाऱ्यावर परत. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. माझ्या गटातल्या एका आजोबांना तिथे बॅग पूर्ण उपसावी लागली होती. नातवाने तो तुकडा त्यांच्या दाढीच्या डबीत लपवला होता.